मुंबईपर्यंत एकच टिकीट

—नका, नका, रहीमभाई, मूर्तिजापूरचं टिकीट नका काढू! मुंबईचं काढा, इथूनच, एका दमात. काय म्हणता? मूर्तिजापूरले गाडी बदला लागते, छोट्या गाडीची कंपनी अलग, मोठीची अलग—व्हय, मले सांगता! बारा वर्सं झाले, या कारंज्याच्या फलाटावर वांगी इकतो मी, चंपत माळ्याले गाड्या नका शिकवू. मास्तर देते थेट टिकीट. अन त्याचा फायदा आयका—छोटी गाडी कुठं अडकली का मास्तर पुढं तार ठोकते, का मुंबईचे इतके जण येऊन राह्यले, मंग मोठी गाडी घडीभर थांबते. तुटक काढलं त तुमी कोण? मूर्तिजापूरले उतरणारे. तुमच्यासाठी कायले थांबन ते?

पोरीचा हात दाखवा बरं. ये व माय हुस्ना, भेऊ नको. मनगटालेच धरलं ना मेल्या कुत्र्यानं... चार दिवस झाले? अन सरकारी डाक्टर म्हणे, पिसाळलेल्या कुत्र्याची लस मुंबईलेच भेटन—मंग मूर्तिजापूर काहून? ... जडीवाला? हाये का अजून तो! त्याच्या मुळीनं इख उतरलं त तथूनच वापस, नाई त पुढचं पुढं पाहू—आसंच ना? आसंच. वापस फिराले फट ठेवून राह्यले तुमी, दुसरं काई नाई.

रागावू नका. माह्या घरवालीले, जिजाबाईले, असंच कुत्रं पायाले चावलं व्हतं. मीबी मूर्तिजापूरचंच काढलं—म्हटलं, मुळी बांधू, मंग पाहू. तथं मुळी बांधली, ठेसनावर आलो, अन मोठी गाडी चुकली. थेट टिकीट असतं त थांबली असती. तुटक व्हतं, कोण थांबते? आलो घरी. सव्वा महिन्यानं पाण्याचा लोटा पाहून भिताडात शिरे जिजा. तीन दिवस. तहान तहान करे, अन पाणी दाखवलं का किंचाळे. हातपाय बांधा लागले—म्या बांधले, याच हातानं. तिची माय, प्रयागबाई, आजबी त्या गाडीले शिव्या देते. मी देऊ देतो.

काय म्हटलं? मोठी गाडी त दुपारची, जडीवाला सकाळीच भेटते, मंग चुकली कशी?

... नाई चुकली. उभी व्हती, रहीमभाई. टिकिटाची खिडकीबी उघडी व्हती. जिजा म्हणे, "आवो, मुंबईचं काढा ना." दोनदा म्हणे. मी म्हटलं, कायले? मुळी बांधली, खरचटलं त हाये, घरी वांग्याले पाणी द्या लागते. वांगी! मले मुंबईचं भेव वाटत व्हतं, दुसरं काई नाई. अक्षर येत नाई, कोणाले इचारू, कुठं नेऊ हिले—हेच मनात. तिच्यासमोर गाडी निघून गेली. माह्या मांगं मांगं चालत आली.

मास्तर खिडकीत आला. उठा! मुंबई म्हणा, दोन टिकिटं, थेट मुंबई—मूर्तिजापूरचं नावच नका काढू तोंडातून. ... असे काय पाह्यता माह्याकडे? माह्या सासूच्या कानावर नका घालू हे.

घाला. घालून द्या. जा आता, पोरीले घ्या अन जा!