ओली भिंत

...सुख? सुखाचं नाव काढू नका माझ्यापुढे! हसताय काय? तुम्हाला सांगतो, मी रंगारी माणूस, मामांच्या हाताखाली भिंती रंगवतो, शाळा लवकर सुटली, बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते, आणि नेमकी आम्ही रंगवत होतो त्या घराच्या तळमजल्यावर शिलाईवाली! तिचं मशीन सुरू झालं की माझा ब्रश थांबायचा, मशीन थांबलं की मी दाराकडे बघायचो... काम व्हायचं कधी? एकदा तर खिडकीच्या काचेवरच पिवळा हात मारून मोकळा झालो!

मामा खवळले. "अरे गाढवा, हात इथे नि जीव तिथे! समोर आहे त्यात राहा, सुखी होशील!"

राहायचं म्हटलं की राहता येतं का हो? मी आपला मनाशी, आता फक्त भिंत. भिंत... भिंत... आज खाली कुणाशी हसत होती ती? झालं! गेली भिंत!

आणि गेल्या महिन्यात, काय सांगू, जमलं! छताजवळची रेघ ओढत होतो, वर पांढरा, खाली पिवळा, आणि एकदम सगळं गप्प. मशीन नाही, ती नाही, मीसुद्धा नाही. नुसतं ब्रशचं टोक. असं सुख, असं सुख... शप्पथ!

खाली उतरलो तर शिडी धरून उभ्या मामांचा चेहरा उतरलेला.

"ती येऊन गेली रे."

"कोण ती?"

"शिलाईवाली! म्हणाली, 'अहो पेंटर, घरचे माझं लग्न ठरवतायत. तुमच्या मनात काही असेल तर आत्ता बोला, नाहीतर मी हो म्हणते.' तू म्हणालास, 'हं.' ती म्हणाली, 'हं म्हणजे? हो म्हणू?' तू म्हणालास, 'हं... भिंतीला टेकू नका, ओली आहे.'"

"मामा! मग हलवायचं ना मला! शिडी तुमच्याच हातात होती!"

"कसं हलवू? पहिल्यांदाच इतका रमला होतास..."

समोर आहे त्यात राहा म्हणे! अहो, समोर भिंत होती, ती शिडीखाली होती, यात माझं काय चुकलं? धावत खाली गेलो तर दाराला कुलूप...

आता तिच्या सासरचं घर रंगवायला आम्हालाच बोलावलंय. नाव कुणी सुचवलं? तिनेच! म्हणाली म्हणे, "त्या पेंटरनाच सांगा, कामाशिवाय दुसरं काही मनातच नसतं हो त्यांच्या."