पंधराचं कुलूप

...आणि वर मलाच म्हणते, फासा टाका. मला. चौतीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला, तिच्या जन्मदात्याला... तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत एक गिऱ्हाईक म्हणालं नाही, की थांबा काका, आधी फासा टाका.

झालं असं, की मला मध्यंतरी अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सावरला, जीभ सावरली, ती तर जरा जास्तच सावरली असं बायको म्हणते, पण उजवा हात राहिला थरथरत. दुकान बंद केलं. दिवसभर खिडकीत बसून असायचो, म्हणून मुलीनं मला तिच्या मित्रमंडळींच्या खेळात ओढलं. खेळ कसला, तर टेबलाभोवती बसायचं, ती गोष्ट सांगणार, आपण तिच्यातली पात्रं व्हायचं. मी झालो चोर. का, तर "बाबा, तुमच्या चोराचं कुलपातलं कौशल्य आहे अधिक नऊ." म्हटलं चला, कुठेतरी अधिक आहे.

पण अवघड काही करायचं म्हटलं, की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं, आणि ती सांगेल त्या आकड्याला पोचलं तरच जमलं. परवा दुपारी आम्ही राजाच्या कोठारापाशी. मी नीट समजावलं, की अगं, तार अशी सरकव, खालून दाब ठेव, एकेक खिट्टी उचल... पोरं आ वासून ऐकतायत, आणि ही म्हणते, "छान सांगितलंत. पंधरा लागतील. फासा टाका."

टाकला. पडले दोन. दोन आणि नऊ अकरा. "तार तुटली," म्हणाली. मी म्हटलं, माझी तार तुटत नाही. "तुमची नाही हो बाबा, चोराची."

एवढ्यात दारावर धाडधाड. शेजारच्या वहिनी, रडवेल्या. वाऱ्यानं दार लागलेलं, किल्ली आत, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आत, गॅसवर दूध. "भावजी, तुम्ही आहात म्हणून बरं."

पेटी घेऊन गुडघ्यावर बसलो. कुलूप मीच बसवलेलं. डोळे मिटले तरी आतली खिट्टी न् खिट्टी दिसत होती, पण हात... तार भोकात जाईना, गेली तर ठरेना. दाराखालून करपल्याचा वास, आत म्हातारीचा खोकला, आणि मुलगी माझ्या पाठीशी उभी. तुम्हाला सांगतो, तेव्हा ती म्हणाली असती ना, फासा टाका, तर मुकाट्यानं टाकला असता. निदान विसात काही तरी आशा असते. पण तिनं हळूच माझ्या बोटांतून तार काढून घेतली, आणि खालच्या सुताराला हाक मारली.

त्यानं कटावणी घातली आणि दोन मिनिटांत दार मोडलं. दूध गेलं, सासूबाई वाचल्या, आणि दार कोणी मोडलं म्हणून सुतारालाच झापत बसल्या. मी पेटी आवरली. त्यालाही मला बराच वेळ लागला.

संध्याकाळी वहिनी परत आल्या. "भावजी, आता नवं कुलूप कुठलं आणू? कुणाच्या बापाला उघडता येणार नाही असं सांगा."

म्हटलं, कुठलंही आणा वहिनी. माझ्यापुरती आता सगळी तशीच आहेत.