एलॉयच्या हातांचं फडकं

थांब, दोरा तोडू नकोस एवढ्यात — तो कोपरा सुटतोय बघ, तिथं आणखी एक टाका घाल. हां, अस्सा! काय बाई हात आहे तुझा, आरासेली! नाहीतर माझी बोटं, सुईसुद्धा धरवत नाही. खरं तर आईनंच शिवायचं असतं हे. उद्या कोर्दोबात बिशप एलॉयच्या तळव्यांना तेल लावणार, ह्याच फडक्यानं त्याचे हात बांधणार — की झाला माझा पोरगा पाद्री! मग फडकं माझं. मी मेले की माझ्या हातांना गुंडाळायचं. वर कुणी विचारलं, कोण गं तू? — तर नुसते हात पुढं करायचे. हसतेस काय? नाही हसत? मला आपलं वाटलं.

तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही हो. ऑलिव्ह झोडायला तुम्ही दोघं कायम एकाच झाडाखाली — सगळा गाव बघत होता, मी काय आंधळी? पण त्याच्या आधीची माझी सगळी पोरं गेली गं. हा पोटात असताना मरियामातेला शब्द दिला, जगला तर तुझा. जगला ना? मग! परवा पायाशी बसून रडला, एवढा बाप्या — आई, सोडव मला म्हणे. मी म्हटलं, मोड शब्द, आणि मला पुरून ये. जेवलाच नाही. सकाळी आपणहून म्हणाला, जातो, पण फडकं आरासेलीनं शिवलं तर. तिनं नाही म्हटलं तर मी जायचा नाही. आणि तू बघ, कशी गुणाची — मी विचारायचा अवकाश, लगेच हो म्हणालीस!

काय गं, पांढरीफटक का पडलीस? हे सांगितलं नव्हतं का तुला? नसेल सांगितलं, हल्ली राहत नाही काही लक्षात. तुला काय वाटलं, तुझी आठवण म्हणून हवंय त्याला? मग तसंच समज की — अगं, अगं, उसवतेस काय! आण इकडं. सोड म्हणते ना! आता काय उपयोग त्याचा? मघाशी खिडकीतून डोकावला होता तो. तू मान खाली घालून शिवत होतीस. बघत उभा राहिला. मग गेला आणि खेचरावर खोगीर चढवलं.

डोळे पूस. आणि मागच्या दारानं जा, तो फडकं न्यायला पुढून येतोय.