बायो झडप आणि माझा घट्ट नवस

...नाही, नवस बोलल्याचा पश्चात्ताप मुळीच नाही मला, पण बोलताना शब्द इतके घट्ट कशाला बांधतेस गं, एवढं तरी कुणी तेव्हा विचारायला हवं होतं! चौऱ्याहत्तर साली आमचा आलोइस ट्रॅक्टरखाली सापडला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि मी आल्टऑटिंगच्या यात्रेला जाऊन तिथल्या चर्चमधल्या काळ्या मातेपुढे गुडघे टेकून म्हटलं, आई, माझ्या नवऱ्याला वाचव, मी शुक्रवारी मांस खाणार नाही. इथवर ठीक. पण तेव्हा आमच्याकडे शुक्रवार सगळेच पाळायचे, त्यात माझं विशेष काय? शिवाय सासूबाई सॉसेज उकळलेलं पाणी 'हे काय मांस थोडंच' म्हणत ओरपायच्या. म्हणून मी पुढे जोडलं : तोंडानं नाही, की दुसऱ्या कुठल्या वाटेनंही नाही, तो जगेल तोवर शुक्रवारी मांसाचा कण माझ्या अंगात जाणार नाही. दुसरी वाट कुठली, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पन्नास वर्षांनी कळलं. जांघेतून.

तर तुम्हाला सांगते, गेल्या हिवाळ्यात चर्चच्या माळ्यावर, आमची गाणारी मंडळी असतात तिथे, मला चढवेना. पायऱ्या बावीस, सातव्या पायरीलाच दम! तपासलं तर हृदयाची झडप कडक झालेली, उघडतच नाही नीट. डॉक्टर आखात्सबाई म्हणाल्या, एक्याऐंशीव्या वर्षी छाती कशाला उघडायची? जांघेतून नळी घालू, घडी केलेली नवी झडप तिच्यातून वर नेऊन जागेवर उघडू, तुम्ही जाग्याच असाल. आणि झडप बायो असेल.

बायो! आता आमच्या दुकानात बायो लिहिलेलं काय असतं? बटाटे, गाजरं... बिनफवारणीची. मी खूश. जपमाळेच्या बायकांना सांगूनही आले, मला साधी नाही, बायो बसवणार. माहितीपत्रक वीस पानांचं होतं, सही कुठे करायची तेवढं पान मी वाचलं. आणि वार मिळाला शुक्रवार. म्हटलं, शुभच.

टेबलावर उताणी, डोक्यावर दिवा, जांघेत नळी, आणि नर्स रोसविता दर मिनिटाला, "मोसनरबाई, हलायचं नाही." नाक खाजलं... हलायचं नाही. क्रॉसची खूण करायला हात उचलला... हलायचं नाही. शेजारी एकजण बरणीतून काहीतरी काढून वाडग्यात खळबळत होता. मी आपलं गप्पा म्हणून विचारलं, कुठल्या शेतातली हो ही झडप?

"शेतातली नाही, गाईची," तो म्हणाला. "हृदयाभोवती पिशवी असते ना, तिची."

आता सांगा, काय करायचं मी? उठून जायचं? नळीसकट? मी म्हटलं, थांबा, आज शुक्रवार आहे. आखात्सबाईंना वाटलं मी शुद्धीवर असल्याचं सांगतेय, त्यांनी वार बरोबर ओळखल्याबद्दल मला शाबासकी दिली. मग मी सगळा नवस सांगितला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, डुकराचीही मिळते. रोसविता म्हणाली, शुक्रवारी चामड्याचे बूट घालता ना? अगं बाई, बूट अंगात जातात का?

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती हो. नको म्हणावं तर मी पुढचा हिवाळा बघत नाही. हो म्हणावं तर नवस मोडला, आणि नवस कुणाच्या जिवावर बोललेला? बाहेर बाकावर बसलेल्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या. इकडे माझी झडप उघडायची आणि तिकडे त्याची... नुसत्या विचारानं यंत्र टीं टीं करू लागलं. "हलायचं नाही!" मी कुठे हलले? हृदय हललं!

म्हटलं, त्याला विचारून या. रोसविता गेली, परतली तेव्हा तिचे डोळे लाल. आलोइस मांसाचा जाडजूड काप घातलेला पाव खात होता, दर शुक्रवारी खातो तसा. सगळं ऐकून त्यानं उरलेला पाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. पन्नास वर्षांत या माणसानं घास अर्धा सोडलेला मी पाहिला नव्हता!

"तिला सांगा," तो म्हणाला होता, "माझ्यासाठी पुष्कळ पाळलंस. आजपासून शुक्रवार माझा. ती गाय घाल आत, आणि मुकाट पडून राहा."

मी डोळे मिटले. आई, ऐकलंस ना? नवसाची बदली झालीय. हृदय एकदम सैरावैरा धावलं, थांबल्यासारखं झालं, आणि... तुम्हाला सांगते, एवढा मोकळा श्वास वर्षभरात आला नव्हता! उठून त्या सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली. हलायचं नाही. अजून सहा तास, पाय सरळ.

आता बावीस पायऱ्या मी गुणगुणत चढते. आलोइस ठणठणीत आहे, आणि दर शुक्रवारी बटाट्याच्या सूपकडे असा बघतो, जसा त्या ट्रॅक्टरकडे बघायचा. म्हणतो, "झेन्झी, तू गाय घेऊन हिंडतेस आणि मी गाजर चावतो, हा कुठला न्याय?" मी त्याला आणखी एक पळी सूप वाढते.

तेव्हा तुम्हीही कुणासाठी तरी एक नवस बोला, बोलाच... ती काळी माता ऐकते. अक्षर न् अक्षर ऐकते, म्हणून शब्द तेवढे जरा सैल ठेवा. आणि एकदा बोललात की मग... हलायचं नाही.