ओलीचा कडता

न्हाय. सही करणार न्हाय, आणि पोरालाही सांगणार न्हाय. पाणी पिलात न्हवं? मग झालं. सावित्रम्मानं तांब्या पुढं केला, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायची ह्या घरात रीत हाय — त्याचा अर्थ बसा म्हणालो असा न्हाय. आता बसलाच हाय तर ऐकून जावा. मुंबईवरनं आलात, बाळीवेशीत विचारत विचारत घर काढलंत, आणि म्हणता काय — गुरुसिद्धप्पा, तुमच्या शिवशरणला समजावा, वजनात हलगर्जी झाली म्हणून लिहून दे म्हणावं, साक्षीला तुमीही सही करा, म्हंजे कंपनी खटला करणार न्हाय. वजनात हलगर्जी! कुणाच्या घरात बसून म्हणता? चाळीस वर्सं मी सोलापूरच्या अडत बाजारात तोलार हाय. भुईमूग, जवारी, मिरची — माझ्या काट्यावरनं गेलेलं पोतं कुणी दुसऱ्या काट्यावर ठेवून बघितलं न्हाय. शाळा माझी दुसरी. आकडा मात्र चुकलेला न्हाय. त्या काट्यापाशी पोरगा वाढला. तुमच्या समुद्रातल्या तेलविहिरीवर त्याला कशावर घेतलं? तोलाराचा मुलगा हाय म्हणाला, त्यावरच की.

आणि हेलिकॉप्टरचं मला शिकवू नका. कळतंय मला. शिवशरण दिवाळीला आला तवा ह्याच कट्ट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलंय. ते यंत्र ठरलेलं ओझं उचलणार — त्यात तेल आलं, माणूसही आला. तेल वाढवलं की माणूस कमी. माणूस वाढवला की तेल कमी, मग लांबचा पल्ला न्हाय. बरोबर का? बरोबरच हाय. विहीर किनाऱ्यापासनं शंभर मैल. जायचं तेल, यायचं तेल, आणि तितं उतरता आलं न्हाय तर घिरट्या घालायला वरचं तेल. म्हणून शिटा चौदा आणि जाताना माणसं नऊ. येताना तेल जळून हलकं झालेलं असतं, तवा अकरा. तीन शिटा रिकाम्या दिसतात म्हणून माणूस कोंबायला ती काय यष्टी हाय? तुमच्यातल्या कोटवाल्यांनाही हे कळत न्हाय, म्हणून तर तितं काटा ठेवलाय, आणि काट्यावर माझा पोरगा. हसू नका. मी हसण्यासारखं काय बोललो?

कुटं हाय तो? घरात न्हाय. अक्कलकोटला बहिणीकडं धाडलाय, आणि तितं तुमी जायचं न्हाय. हेलिकॉप्टर पडून दीड महिना झाला, धड जेवत न्हाय. एकच म्हणतो — अप्पा, मी वजन बरोबर केलं व्हतं. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलंसुदीक न्हाय. कशाला विचारायचं? वादळाची वर्दी आली, विहिरीवरची माणसं किनाऱ्याला न्यायची, हेलिकॉप्टर एकच. दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला पायलट म्हणाला, वारा समोरचा हाय, तेल जास्त भरून आलोय, माणसांचं वजन सातशे वीस किलोच्या वर एक किलोही नको. शिवशरणनं एकेकाला काट्यावर उभं केलं. दहा माणसं झाली तरी पंचावन्न किलो उरले. उरले म्हणून अकरावा चढवला. उरले म्हणून — काय म्हणालात? परत म्हणा. आपल्या गावचा म्हणून चढवला?

व्हय, इमामसाब आमच्या गल्लीतला. व्हय, त्याला तितं आचारी म्हणून शिवशरणनंच लावला. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे, तेही लिहून घ्या. पण काट्यावर उभा राहिला की गावचा न्हाय आणि घरचा न्हाय. सख्ख्या भावाचं पोतं मी सगळ्या बाजारादेखत दोनदा उतरवलंय, भाऊ वर्षभर बोलला न्हाय, न बोलू दे. माझ्या पोराला हे सांगावं लागत न्हाय. यंत्र उठलं, विहिरीवरच्या कठड्याच्या भाईर गेलं आणि खाली बसत गेलं. शेपूट पाण्याला लागली. बोटवाल्यांनी पायलट काढला, दहा माणसं काढली. इमामसाब न्हाय. त्याची आई कमरबी — हितनं तिसरं घर — ह्या उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, सच बोलो, वजन बराबर था ना?" मी सिद्धरामाची शपथ घेऊन सांगितलं, वजन बरोबर व्हतं, खोट यंत्रात व्हती. ती एवढंच म्हणाली, "मग बरं." आणि गेली. ती शपथ मी तुमच्या ह्या टायपाच्या कागदासाठी मोडू? तुमाला यंत्राची खोट लपवायचीय म्हणून?

पाऊस? व्हता की पाऊस. वादळात काय ऊन पडतं? माणसं चिंब व्हती, बूट पाण्यानं भरलेले, अंगावर फुगायचं जाकीट, तेही भिजलेलं — मग? ओलीचं मला सांगता? अवो, ओल हा आमचा धंदाच हाय. भिजलेलं पोतं काट्यावर आलं की आकडा दिसतो तो नुसत्या मालाचा न्हाय, त्यात पाणीही असतं. घेणाऱ्यानं पाणी का विकत घ्यावं? म्हणून भिजल्या पोत्यामागं पाच किलो तोलार आधीच वजा करतो, आणि मग लिहितो. त्याला कडता म्हणतात. आणि कापलेल्या आकड्याच्या डोक्यावर एक टिंब देतो — म्हंजे ओल कापून झाली, दुसऱ्या तोलारानं परत कापू नये. बघा किती सरळ काम. सरकारनं कडता बंद केलाय म्हणतात. करू दे. माझ्या काट्यावर चालू हाय. शिवशरणला मी सगळ्यात आधी तेच शिकवलं. भिजलेलं वजन जो हाय तसं लिहितो तो तोलारच न्हाय. दोनदा विसरला तवा हातावर छडी दिली. तिसऱ्यांदा विसरला न्हाय. आता त्याला आठवावंही लागत न्हाय, हात आपोआप लिहितो —

काय काढताय पिशवीतनं? त्या दिवशीची वजनाची चिठ्ठी? आणा हिकडं. बघू. व्हय, त्याचंच अक्षर. अडुसष्ट. एकाहत्तर. चौसष्ट… शेवटी इमामसाब, पंचावन्न. खाली जोड सातशे वीस. बघा की डोळे उघडून! एक किलो वर न्हाय. मग कशाला आलात? — कसले डाग? शाईचे? तुमच्या हापिसात शाईचे डाग म्हणाले? डाग कसले, ते —

थांबा.

जरा उजेडात धरू दे. पहिल्यावर टिंब हाय. दुसऱ्यावर. चष्मा दे गं, सावित्रम्मा. तिसऱ्यावर… बोलू नका, मोजतोय. अकरा. अकराच्या अकरा. त्यानं माणसांची ओल कापली. बाजारातल्या पोत्यासारखी. पण त्या यंत्राला पाणीही उचलावंच लागतं की — त्याला माल काय आणि ओल काय, सारखीच. अकरा पंचे पंचावन्न. पंचावन्न किलो उरलेच न्हवते. ती अकराव्याची जागा न्हवतीच. ती माझ्या कडत्यातनं निघाली.

काय लिहिताय? पेन खाली ठेवा. मी तुमच्याशी बोलत न्हवतो.

न्हाय… लिहा. पण तुमी आणलंय ते न्हाय. ते फाडा. फाडा म्हणतो! हलगर्जी हा शब्द त्याच्या नावापुढं नको. त्यानं हलगर्जी केली न्हाय, शिकवलं तसंच केलं, अक्षर न अक्षर. लिहा — भिजल्या वजनातनं पाच किलो कापायची रीत बापाची. बापानं छडीनं शिकवली. बापाचं नाव गुरुसिद्धप्पा शिवप्पा तोलार, बाळीवेस. यंत्रात खोट न्हवती, तेही लिहा. लिहिलं? वाचून दाखवा. परत एकदा. शाईचा डबा कशाला काढता? आंगठा न्हाय लावत मी. सही येते मला. तुमी कागद नीट धरा.

झालं. खटला करायचा तर माझ्यावर करा. हितंच असतो.

सावित्रम्मा, माझा रुमाल दे. न्हाय, जेवण नंतर. त्या बाईला मी सिद्धरामाची शपथ घेऊन खोटं सांगितलंय, आधी तितं जायचंय.

तुमी अजून हितंच? उठा. न्हाय, माझ्याबरोबर यायचं न्हाय. तिसऱ्या घराकडं मान वळवूनसुदीक बघायचं न्हाय. टेसनाचा रस्ता तो, उजवीकडं. व्हा पुढं.