कुरळ्या केसांची मुलगी

पार्लरवाली : अगं, हे केस आहेत की वाळलेलं गवत? नुसता हात फिरवला, तर बघ किती हातात आले.

मुलगी : म्हणून तर तुमच्याकडे आले ताई. काहीही लावा, पण पूर्वीसारखे कुरळे करून द्या.

पार्लरवाली : रोज केस सरळ करायची मशीन फिरवायचीस?

मुलगी : रोज. हॉटेलच्या काउंटरवर होते ना मी. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, डोक्यावर घरटं घेऊन पाहुण्यांसमोर उभं राहायचं नाही. मग काय, सकाळच्या घाईत ओले असले तरी इस्त्री. चुर्र वाजायचं.

पार्लरवाली : ओल्या केसांवर? फोडणी देत होतीस का? आतलं पाणी उकळून केस फुटतो गं!

आई : (बाजूच्या बाकावरून) अहो, जरा हळू बोला. माझी मुलगी येणार आहे.

मुलगी : आई, मीच ती. ही काय, इथेच आहे.

आई : तुम्ही नाही हो. तिचे केस कुरळे आहेत. कंगवा अडकला की रडून घर डोक्यावर घ्यायची.

पार्लरवाली : काकूंचं इतकं वाढलंय?

मुलगी : नोकरी सोडून घरी आले, तेव्हा फक्त नावं विसरायची. आता मी परकी बाई झालेय. माझ्या हातून आंघोळ करून घ्यायला लाजते. भिंतीवर माझा कॉलेजातला फोटो आहे, त्याला विचारते, जेवलीस का. मी मागे ताट घेऊन उभी.

पार्लरवाली : मान जरा खाली कर. कसे हवेत सांग.

मुलगी : त्या फोटोसारखे करून द्या, बास.

पार्लरवाली : तेल लावून मऊ होतील. गरम पाणी घेऊ नकोस, जाड दातांचा कंगवा वापर, ती मशीन फेकून दे. पण तुला खोटी आशा नाही लावणार. जळलेला केस पुन्हा वळत नाही. तो कापायचा आणि नव्याची वाट बघायची.

मुलगी : किती?

पार्लरवाली : खांद्यापर्यंत यायला दोनेक वर्षं तरी.

मुलगी : तोवर ती मला शोधत तरी असेल का?

पार्लरवाली : मुळाशी बघ. मशीन सोडल्यापासूनचे हे बोटभर. वळताहेत.

मुलगी : मग तेवढेच ठेवा.

पार्लरवाली : अगं, वेडी का काय? लोक दहा प्रश्न विचारतील.

मुलगी : विचारू देत. जिला विचारायला हवं, ती तर विचारत नाही. कापा ताई.

(कात्री चालते. सरळ, जळके केस खाली पडत जातात.)

पार्लरवाली : काकू, बघा तरी. कशी दिसते?

आई : अगंबाई! आजारी होतात का हो?

मुलगी : नाही. बरी आहे मी.

आई : वाकता का जरा? हात लावते. ...मऊ आहेत. माझी जन्मली तेव्हा तिचं डोकं अस्संच लागायचं हाताला.

मुलगी : हो?

आई : हो. ...रडू नका हो. कुणी बोललं का तुम्हाला?

मुलगी : नाही. कुणी नाही.

आई : मग बसा ना इथे माझ्याजवळ. ती आली की जा.

मुलगी : बसते.