लाल चौकोन

नाही, पण मला सांगा, चौकोन काढायला काय अक्कल लागते हो? स्टाफरूमच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चौकोन आणि बाण! हजेरीचा चौकोन, निकालाचा चौकोन, लायब्ररीचा, अहो, घंटेचासुद्धा! आणि मुख्याध्यापिकाबाई डोळे विस्फारून म्हणतायत, "वा! अख्खी शाळा पहिल्यांदा एका नजरेत दिसली!" पहिल्यांदा? मग गेली वीस वर्षं मी, या शाळेचा कॉम्प्युटरचा सर, काय डोळे मिटून बसलो होतो? जळत नाही हं मी... नुसतं सांगतोय.

आणि चौकोन काढणारी कोण, तर आमची नवी तंत्रज्ञान प्रमुख. माझीच विद्यार्थिनी! माऊस कसा धरायचा ते मी शिकवलंय तिला. ती मला सांगते, "सर, याला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात. नवीन काही घेण्याआधी, शाळेत काय कशावर चालतं ते नीट बघायचं." मला वाटलं, आर्किटेक्चर म्हणतेय तर निदान लॅबचं गळकं छत तरी दुरुस्त होईल... कसलं काय! प्रत्येकाशेजारी बसून गोड आवाजात विचारत सुटली, "तुम्ही हे कसं करता? अडलं की कुणाकडे जाता?" आणि आमची ही, त्याच शाळेत गणित शिकवते, घरी येऊन म्हणते, "किती शांतपणे ऐकून घेते हो ती!" का? मी ऐकून घेत नाही? थांबा, मधे बोलू नका! जळत नाही हं मी.

मग कुणी नसताना मीही जाऊन बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, छाती फुगली! सगळे बाण येऊन एकाच चौकोनात घुसत होते. मधोमध, सगळ्यात मोठा, लालभडक. आत लिहिलं होतं, 'सर'. म्हटलं, पोरीनं पांग फेडले!

मीटिंगमध्ये तिनं नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. "हा आपला सगळ्यात मोठा धोका. सरांना पडसं झालं, की शाळा ठप्प." धोका? मी? आणि सगळे माना डोलावतायत! "खरंय, पासवर्ड मागितला की सर आधी तोंड वाकडं करतात." हे कोण म्हणालं? आमची ही!

महिन्याभरात तिनं सगळे बाण माझ्यावरून दुसरीकडे वळवले. प्रत्येक काम दोघादोघांना शिकवून ठेवलं. म्हटलं, दाखवतोच आता! काल पडसं झाल्याचं कळवलं आणि फोन मांडीवर घेऊन घरी बसलो. आता घंटा अडेल, निकाल अडेल, येतील रडत... दुपार झाली तरी फोन गप्प! बिघडला की काय म्हणून बंद करून परत चालू केला.

शेवटी वाजला. तीच! मी मुद्दाम जरा वाजू दिला. "बोल, काय बंद पडलं?"

"काही नाही सर. तब्येत कशी आहे विचारायला केला."

आता बोला! इतक्या वर्षांत मी तापानं फणफणत असतानाही सगळ्यांचे फोन यायचे, पण तब्येत एकानं विचारली नव्हती. घसा असा दाटून आला, की खरंच पडसं झाल्यासारखा आवाज निघाला. तर ती म्हणते कशी, "बापरे सर! उद्याही आराम करा. परवाही चालेल."

जळत नाही हं मी... पण परवासुद्धा?